मोनॅको की सिंगापूर? सोलापूरहून पहिल्यांदाच स्ट्रीट सर्किटवर जाणाऱ्यांसाठी

मोनॅकोला जाणार असाल तर पैसे शनिवारच्या तिकिटावर घाला, आणि सिंगापूरला जाणार असाल तर रविवारच्या. दोन्हीकडे फॉर्म्युला वनच्या मोटारशर्यती शहराच्या रोजच्याच रस्त्यांवर, म्हणजे स्ट्रीट सर्किटवर, होतात. मी आणि माझा आतेभाऊ दोन्हीकडे जाऊन आलोय. सप्टेंबर २०२३ला सिंगापूर, मे २०२४ला मोनॅको. तेव्हापासून ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतं, ‘एकदाच जायचं झालं तर कुठे जाऊ?’ टीव्हीवर दोन्ही शर्यती सारख्याच झगमगत्या दिसतात, पण तिथे उभं राहिलं की त्या अगदी वेगळ्या आहेत.

आधी मोनॅको, कारण विचारणाऱ्या बहुतेकांच्या मनात तेच असतं. १९२९ पासून ही शर्यत त्याच गल्ल्यांतून होते आहे. एक फेरी ३.३३७ किलोमीटरची, अशा ७८ फेऱ्या. अख्खा देशच जेमतेम दोन चौरस किलोमीटरचा, त्यामुळे रस्ते रुंद करायला जागाच नाही. आम्ही गेलो त्या वर्षीच्या गाड्या दोन मीटर रुंद होत्या. दोन गाड्या शेजारी शेजारी आल्या की रस्ता संपला. पुढची गाडी कितीही हळू गेली तरी मागच्याला बाजूने काढायला वाट मिळत नाही. म्हणून तिथे शर्यतीचा निकाल बराचसा शनिवारच्या पात्रता फेरीतच, म्हणजे रविवारी सुटण्याचा क्रम ठरवणाऱ्या फेरीतच, लागतो.

आम्ही पाहिलेल्या वर्षी तर त्याची हद्द झाली. रविवारी पहिल्याच फेरीत चढावर मोठा अपघात झाला आणि लाल झेंडा दाखवून शर्यत थांबवली. शर्यतीत किमान दोन प्रकारचे टायर वापरावेच लागतात. ते काम सगळ्यांनी त्या थांब्यातच उरकून घेतलं, मग पुढे टायर बदलायला बाजूच्या पिटमध्ये यायचं कारणच उरलं नाही. पहिले दहा जण ज्या क्रमाने निघाले होते, बरोबर त्याच क्रमाने शेवटाला पोचले. फॉर्म्युला वनच्या इतिहासात असं त्याआधी कधीच घडलं नव्हतं. २०२५ला मोनॅकोपुरते दोन पिट स्टॉप सक्तीचे केले, तर काही संघांनी आपली एक गाडी मुद्दाम हळू चालवून मागचे सगळे अडवून धरले आणि दुसऱ्या गाडीला मोकळी जागा करून दिली.

शनिवार मात्र मी विसरणार नाही. आम्ही बंदरालगतच्या के स्टँडमध्ये होतो. ताबाक नावाच्या वळणातून गाडी बाहेर पडते आणि समोरच्या स्विमिंग पूलच्या वळणांकडे झेपावते. लोखंडी कठड्याला टायर घासतो की काय, असं दर वेळी वाटतं, आणि काही वेळा तो खरंच घासतो. त्या वळणांत चालक वेग कमी करत असतील असं मला टीव्हीवर वाटायचं. डोळ्यांनी पाहिलं तेव्हा कळलं की ते जवळजवळ काहीच कमी करत नाहीत. पात्रता फेरीत प्रत्येक जण फक्त घड्याळाशी लढत, जीव ओतून वेगवान फेरी मारतो. मोनॅकोच्याच शार्ल लक्लेरने सर्वांत वेगवान फेरी मारली, तेव्हा आमच्या मागचे आजोबा उभे राहून नुसते हात जोडून थरथरत होते. दुसऱ्या दिवशी तो जिंकला. १९३१ला लुई शिराँ जिंकला होता, त्यानंतर घरचा माणूस पहिल्यांदा. बंदरातल्या बोटींचे भोंगे कितीतरी वेळ वाजत राहिले. त्या रविवारी कुणी कुणाला ओलांडलं नाही तरी रडू आलं. पण घरचा माणूस जिंकणं दर वर्षी होत नाही, त्या भरवशावर रविवारच्या महागड्या स्टँडचं तिकीट काढायला मी कुणाला सांगणार नाही.

रविवारसाठी रोशे बरं. राजवाड्याच्या कड्याखाली डोंगरउतारावर ही बिनखुर्चीची जागा आहे, आणि स्टँडच्या मानाने ती कितीतरी स्वस्त पडते. तिथून बंदर आणि रास्कासचं वळण खाली दिसतं. आसनक्रमांक नसतात, जो आधी येईल त्याची जागा, म्हणून उजाडायच्या आत पोचावं लागतं. जमीन उतरती आणि खडकाळ आहे. आम्ही घरून सोलापुरी चादर नेली होती, तिची चौपदरी घडी करून बसलो. आजूबाजूचे लोक प्लास्टिकच्या पातळ चटयांवर दिवसभर चुळबुळत होते. गुडघ्यांचा त्रास असलेल्या माणसाला मात्र तिथे नेऊ नका. चढण आहे, आणि एकदा बसलं की उठून परत तीच जागा मिळत नाही.

मोनॅकोची आणखी एक गोष्ट फक्त तिथेच अनुभवता येते. संध्याकाळी गाड्यांचं काम संपलं की रस्ता लोकांना मोकळा होतो. कॅसिनोसमोरून उतरत, हॉटेलजवळच्या त्या आवळत्या वळणातून, बोगद्यातून समुद्राकडे आम्ही चालत गेलो. तो चढउतार टीव्हीवर कधी कळत नाही. गड्ड्याच्या दिवसांत नंदीध्वजांची मिरवणूक जाऊन गेली की आपलाच रोजचा रस्ता रात्री कसा वेगळा वाटतो, तसं काहीसं झालं. ब्राझीलचा चालक आयर्टन सेना इथे सहा वेळा जिंकला, आणि तो ज्या कठड्यांना खेटून गेला त्या ठिकाणी आपण हात लावून उभे असतो. हे ज्याला हवंय त्याने खर्चाचा विचार न करता मोनॅकोलाच जावं.

आता सिंगापूर. २००८ला फॉर्म्युला वनची पहिली रात्रीची शर्यत इथेच झाली. २०२३ पासून एक फेरी सुमारे ४.९ किलोमीटरची झाली, फेऱ्या ६२. सरळ रस्ते जास्त आहेत, ब्रेक जोरात लावावे लागतात, गाड्या शेजारी शेजारी जाऊ शकतात. कठडे इथेही जवळच आहेत, त्यामुळे चूक झाली की सेफ्टी कार, म्हणजे सगळ्यांना आपल्यामागे हळू चालायला लावणारी गाडी, येते आणि सगळा डाव नव्याने सुरू. तिथेही ओलांडणं सोपं नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. २०२४ला तर सिंगापूरच्या इतिहासात पहिल्यांदाच एकदाही सेफ्टी कार आली नाही आणि लँडो नॉरिस एकटाच पुढे निघून गेला. पण आम्ही पाहिलेल्या शर्यतीत शेवटच्या पंधरावीस फेऱ्या श्वास रोखून काढल्या. कार्लोस साइन्झ पुढे, मागे नॉरिस, आणि त्यांच्यामागे नव्या टायरवर धावत येणाऱ्या दोन मर्सिडीज. साइन्झ मुद्दाम नॉरिसला आपल्या एका सेकंदाच्या आत ठेवत होता. तेवढ्या अंतरात असलं की मागच्या गाडीला मागचा पंख उघडून जास्त वेग घेता येत असे, आणि त्या वेगावर नॉरिस मर्सिडीजला थोपवून धरत होता. शत्रूलाच ढाल करायची! शेवटच्या फेरीत मर्सिडीजचा जॉर्ज रसेल कठड्याला धडकला आणि आमच्या भोवतीचा सगळा जमाव एकदम ओरडला. त्या वर्षीची रेड बुल संघाची विजयांची मालिकाही त्या रात्री तुटली.

आमच्याकडे फिरतं तिकीट होतं, ठरलेली खुर्ची नाही. पाडांग मैदानाच्या बाजूला, जुन्या सुप्रीम कोर्टाच्या इमारतीसमोरून गाड्या जातात. मग त्या अँडरसन पुलाकडे वळतात. फेरी मोठ्या पडद्यावर बघायची आणि आवाज आला की मान वळवायची. तीन दिवसांचं असं तिकीट मोनॅकोच्या रविवारच्या चांगल्या स्टँडहून स्वस्त पडतं, आणि त्यातच पाडांगवरचे गाण्याचे मोठे कार्यक्रमही येतात. घरातल्या ज्या मंडळींना गाड्यांत रस नाही त्यांच्यासाठी हे महत्त्वाचं आहे. मोनॅकोत त्यांचा वेळ जात नाही.

उकाड्याबद्दल सोलापूरकर एक चूक करतात, मीही केली. आपण बेचाळीस-त्रेचाळीस अंश सोसणारी माणसं, सिंगापूरचे तीस अंश काय करणार, असं वाटतं. पण आपलं ऊन कोरडं असतं. तिथे रात्री नऊलाही घाम सुकत नाही. २०२५ला तर अति उष्णतेचा अधिकृत इशारा देऊन शर्यत घेतली गेली. सुती कपडे, सोबत पंचा, आणि पावसासाठी अंगावर घालायचा हलका कोट. छत्री उघडली की मागच्याला काही दिसत नाही. मोनॅकोत आम्ही मे महिन्यात गेलो होतो, हवा इतकी छान होती की सोलापूरच्या उन्हाळ्यातून सुटल्याचाच आनंद झाला. २०२६ पासून ती शर्यत जूनच्या सुरुवातीला होते. आपल्याकडच्या शाळा साधारण जूनच्या मध्यावर उघडतात, त्यामुळे मुलं असलेल्या घराला ते जमण्यासारखं आहे.

व्हिसात दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मोनॅकोसाठी फ्रान्सकडे शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा, मागायचा. शुल्क ९० युरो, प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा, बोटांचे ठसे द्यायला स्वतः जायचं, म्हणजे सोलापूरहून एक खेप. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, तेव्हा खिडकी उघडल्याबरोबर करा. उन्हाळ्यात तारखा झटपट संपतात. सिंगापूरचा व्हिसा अधिकृत एजंटमार्फत ऑनलाइन निघतो, शुल्क ३० सिंगापूर डॉलर, ठसे नाहीत. उतरण्याआधी तीन दिवसांच्या आत त्यांचं आगमनपत्र तेवढं ऑनलाइन भरायचं. कापडाच्या धंद्यातली किंवा दुकानदार मंडळी असाल तर दोन्हींसाठी आयकर विवरणपत्रं आणि बँकेचा हिशेब नीट लावून ठेवा. आमच्या फाइलमध्ये एक कागद कमी होता म्हणून पुन्हा हेलपाटा पडला.

राहण्याखाण्याचं सांगतो. मोनॅकोत राहू नका, नीसला राहा. तिथून रेल्वेने पंचवीसेक मिनिटं लागतात. शर्यत सुटल्यावर स्टेशनात लांबलचक रांग लागते, ती धरूनच चाला. नीसच्या जुन्या भागात सोक्का मिळतो, हरभऱ्याच्या पिठाचा, मोठ्या तव्यावर भाजलेला. आपल्या बेसनाच्या जाड धिरड्याचाच भाऊ. शाकाहारी माणसाला त्याचा फार आधार वाटतो. बाकी आम्ही कडक भाकरी आणि शेंगाचटणीवर दोन दुपारी काढल्या. सिंगापुरात ही चिंताच नाही. लिटल इंडियात राहिलो, सकाळी इडली, रात्री पोटभर जेवण. तिथून मेट्रोने तिसरं स्टेशन प्रोमेनाड, बाहेर पडलं की सर्किट. शर्यतीच्या रात्री मेट्रो उशिरापर्यंत चालवतात. आमचा मोनॅकोचा एकूण खर्च सिंगापूरच्या जवळजवळ दुप्पट झाला, आणि त्यात विमानभाड्याचा वाटा मोठा होता. मुंबईहून नीसला थेट विमान नाही, सिंगापूरला आहे, साडेपाच तासांत पोचतं.

वेळेचा हिशेब बघा. २०२३ची शर्यत १७ सप्टेंबरला होती आणि गणेश चतुर्थी १९ला. सोमवारी दुपारी विमानात बसलो, अडीच तास घड्याळात परत मिळाले, रात्री मुंबईत सिद्धेश्वर एक्सप्रेस पकडली आणि मंगळवारी सकाळी घरी गणपती बसवला. मोनॅकोहून हे कधीच साधलं नसतं. सणाच्या आदल्या रात्रीचं रेल्वेचं आरक्षण मात्र साठ दिवस आधी खिडकी उघडताच काढून ठेवा.

लास वेगास आणि अझरबैजानमधल्या बाकूच्या शर्यतींबद्दलही लोक विचारतात. अमेरिकेचा व्हिसा आधीच हातात असेल तरच वेगासचा विचार करा. बाकूत जुन्या तटबंदीजवळ रस्ता फक्त ७.६ मीटर रुंद उरतो आणि पुढे दोन किलोमीटरहून लांब सरळ रस्ता येतो, त्यामुळे शर्यत म्हणून ती झकास आहे. पण मी तिथे गेलेलो नाही, म्हणून सल्ला देत नाही.

जवळची गोष्ट सांगायची तर फेब्रुवारी २०२३ला हैदराबादेत हुसेनसागराकाठी फॉर्म्युला ईची शर्यत झाली होती. आपल्या पूर्व भागातल्या कितीतरी घरांचं हैदराबादेत गणगोत आहे, आतेभावाच्या ओळखीच्या घरी मुक्काम करून आम्ही ती पाहिली. विजेवरच्या गाड्या, आवाज बारीक, पण कठड्यामागे उभं राहण्याची चटक तिथेच लागली. पुढच्या वर्षीची शर्यत रद्द झाली, नाहीतर मी सगळ्यांना आधी तिथेच पाठवलं असतं.

ज्याला खालच्या वर्गातल्या शर्यतीही बघायच्या आहेत त्याच्यासाठी मोनॅको एका बाबतीत सरस आहे. तिथे फॉर्म्युला टू असते, सिंगापुरात नसते. २०२५ला आपल्या कुश मैनीने मोनॅकोची फॉर्म्युला टूची छोटी शर्यत जिंकली, आणि त्या बंदरात ‘जन गण मन’ वाजलं. मी ते टीव्हीवर पाहिलं. वर्षभर आधी आम्ही तिथेच बसलो होतो, याची चुटपुट अजून आहे.

तर पहिल्यांदा जाणाऱ्याला, खर्च मोजून जाणाऱ्याला, कुटुंबासह जाणाऱ्याला माझं उत्तर सिंगापूर. २०२६ला तिथे पहिल्यांदाच शनिवारी स्प्रिंट, म्हणजे छोटी शर्यत असल्यामुळे दोन दिवसांचं तिकीटही वाया जात नाही. एकच अडचण. त्या वर्षीचा शर्यतीचा रविवार, ११ ऑक्टोबर, हाच घटस्थापनेचा दिवस आहे. ज्यांच्या घरी घट बसतात त्यांनी कुणावर सोपवायचं ते आधी ठरवावं, नाहीतर जूनच्या मोनॅकोकडे वळावं. आमचे घट मोठ्या काकांकडे बसतात. आई म्हणाली, ‘माळ मी पाचव्या दिवशी वाहीन, तू तिकिटं बघ.’ या वेळी तिच्यासाठी खुर्चीची जागा घेणार आहे.