हायडन ते मालर : सिम्फनी ऑर्केस्ट्राच्या आगामी मोसमाचे परीक्षण

शहराच्या सिम्फनी ऑर्केस्ट्राने आगामी मोसमातील सहा मैफलींची कार्यक्रमपत्रिका जाहीर केली आहे. या वेळी कृतींची निवड एका सलग विचाराने झाली आहे, हे ती वाचताक्षणी लक्षात येते. एरवी अशा पत्रिकेत लोकप्रिय कृती सोयीनुसार वाटून दिलेल्या असतात. एका मैफलीचा दुसरीशी संबंध नसतो. येथे मात्र पहिल्या चार मैफली मिळून एकच गोष्ट सांगतात : हायडनने घडवलेला सिम्फनी (पूर्ण वाद्यवृंदासाठीची, बहुधा चार भागांची रचना) हा प्रकार बीथोव्हनने कुठवर नेला आणि त्यानंतर ब्राम्ससारख्या समर्थ संगीतकारालाही त्याला हात घालायला इतकी वर्षे का लागली. एवढ्या एका कारणासाठी मी हा मोसम गंभीरपणे घ्यावा असे म्हणेन.

पहिल्या मैफलीत दोनच कृती आहेत, हायडनची 104 वी आणि बीथोव्हनची पहिली सिम्फनी. दोन्ही प्रत्येकी अर्ध्या तासाच्या आतबाहेरच्या असल्यामुळे कार्यक्रम छोटा वाटेल, पण तो अपुरा नाही. हायडनची ही शेवटची सिम्फनी 1795 साली लंडनमध्ये प्रथम वाजली. बीथोव्हनची पहिली 1800 साली व्हिएन्नात. या दोन तारखांच्या थोडे आधी, 1792 च्या अखेरीस, बीथोव्हन हायडनकडे शिकायला व्हिएन्नात आला होता. गुरूच्या अखेरच्या सिम्फनीनंतर लगेच शिष्याची पहिली ऐकली, की सारखेपणा आणि बंड दोन्ही कानावर येतात. वाद्यसंच तर जवळजवळ एकच आहे. पण सी मेजर या स्वरपट्टीतली बीथोव्हनची सिम्फनी सी मेजरच्या स्वरसंघाने (एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांच्या मेळाने) सुरूच होत नाही. तिचा पहिला स्वरसंघ एफ मेजरकडे वळतो आणि मूळ स्वरापर्यंत पोहोचायला श्रोत्याला काही क्षण वाट पाहावी लागते. हायडनच्या अखेरच्या भागात खालच्या लांबवलेल्या आधारस्वरावर जी लोकगीतासारखी धून येते, तिचा निर्धास्तपणा ऐकल्यानंतर हा वळसा अधिकच धीट वाटतो.

दुसऱ्या मैफलीत मेंडेलसोनचा ई मायनर व्हायोलिन कॉन्चेर्टो (एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांची रचना) आणि बीथोव्हनची तिसरी सिम्फनी, म्हणजे ‘एरोइका’, आहे. हायडनच्या संपूर्ण सिम्फनीला लागतो त्याच्या दीडपटीहून अधिक वेळ ‘एरोइका’ घेते आणि नेहमीच्या दोन हॉर्नच्या जागी तिला तीन हॉर्न लागतात. कॉन्चेर्टोविषयी नवख्या श्रोत्यांसाठी एक सूचना : पहिला भाग संपल्यावर टाळ्या वाजवू नयेत. हा केवळ शिष्टाचार नाही. बॅसून हे एकच फुंकवाद्य आपला स्वर तसाच धरून ठेवते आणि त्याच्यावरून संगीत दुसऱ्या भागात उतरते. टाळ्यांमध्ये हा दुवाच बुडून जातो.

माझ्या दृष्टीने मोसमाचे खरे बळ तिसऱ्या आणि चौथ्या मैफलीच्या जोडीत आहे. तिसऱ्या मैफलीत क्लारा शूमानचा ए मायनर पियानो कॉन्चेर्टो आणि लुईझ फारांकची तिसरी सिम्फनी ठेवली आहे. क्लाराने हा कॉन्चेर्टो 1835 साली लाइपझिगच्या गेवांडहाउस सभागृहात, मेंडेलसोनच्या संचालनाखाली स्वतः वाजवला तेव्हा ती 16 वर्षांची होती. त्याचा मधला भाग ऐकण्यासाठी तरी या मैफलीला जावे : तेथे जवळजवळ सारा वाद्यवृंद थांबतो आणि पियानोबरोबर फक्त एक चेलो उरतो. फारांकने 1840 च्या दशकात तीन सिम्फनी लिहिल्या. पॅरिस कॉन्झर्व्हेटरीत ती तीस वर्षे पियानोची प्राध्यापक होती आणि पुरुष सहकाऱ्यांइतके वेतन मिळवण्यासाठी तिला झगडावे लागले. स्त्री संगीतकारांची एखादी दहा मिनिटांची रचना आरंभी ठेवून कर्तव्य उरकण्याची पद्धत सर्रास दिसते. येथे संपूर्ण संध्याकाळ त्यांना दिली आहे, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

चौथ्या मैफलीत ब्राम्सची ‘हायडनच्या धुनेवरील व्हेरिएशन्स’ (एकाच धुनेची बदलत जाणारी रूपे) आणि त्याची पहिली सिम्फनी आहे. ती धून बहुधा हायडनची नाहीच, असे आज मानले जाते. तरीही 1873 ची ही रचना येथे नेमकी बसते, कारण या रचनेने ब्राम्सने मोठा वाद्यवृंद हाताळण्याचा आत्मविश्वास कमावला आणि तीनच वर्षांनी, 1876 मध्ये, त्रेचाळिसाव्या वर्षी, पहिली सिम्फनी लोकांपुढे आणली. तिच्या पहिल्या भागाचा मसुदा त्याने 1862 सालीच आपली जिवलग मैत्रीण क्लारा शूमानला दाखवला होता. अखेरच्या भागात हॉर्नवर जी विशाल धून उमटते, ती त्याने 1868 साली क्लाराला वाढदिवसाच्या शुभेच्छा म्हणून लिहून पाठवली होती. आदल्याच मैफलीत क्लाराची स्वतःची रचना ऐकलेल्या श्रोत्यासाठी ही धून किती वेगळी होईल, याचा विचार आखणाऱ्यांनी केला असणार. तीन ट्रॉम्बोन तर तोपर्यंत तीन भाग गप्प बसलेले असतात आणि या शेवटच्या भागातच प्रथम बोलतात.

पाचव्या मैफलीतील द्वोर्झाकची नववी सिम्फनी सभागृह भरण्यासाठी आहे, आणि त्यात गैर काही नाही. सहाव्या मैफलीतील मालरची पाचवी मात्र मला खटकते. कृतीच्या मोलाविषयी शंका नाही. एकट्या ट्रंपेटच्या आरंभापासून तंतुवाद्ये आणि हार्प एवढ्यांवरच उभ्या असलेल्या आडाजिएटो या संथ भागापर्यंत ती थोरच आहे. पण सत्तर मिनिटांच्या आसपास चालणाऱ्या या सिम्फनीला मोठा संच आणि भरपूर तालमी लागतात, आणि त्या बदल्यात मोसमाची गोष्ट 1904 साली थांबते. त्यानंतरचा एकही स्वर या सहा मैफलींत नाही. हा दोष दूर करणे अवघड नव्हते. प्रोकोफिएव्हची ‘क्लासिकल’ सिम्फनी हायडनचा नमुना समोर ठेवूनच 1917 साली पूर्ण झाली. ती पंधरा मिनिटांची आहे आणि पहिल्या मैफलीतील वाद्यसंचच तिलाही पुरतो. एकही जादा वादक न बोलावता तीच संध्याकाळ भरगच्च झाली असती. हयात संगीतकाराची एखादी नवी रचना नसणे ही तर त्याहून मोठी उणीव आहे.

तिकिटांच्या रचनेबद्दलही तक्रार आहे. संपूर्ण मोसमाखेरीज तीन मैफलींचा एक छोटा संच उपलब्ध आहे, पण त्यात दुसरी, पाचवी आणि सहावी मैफल बांधून दिली आहे. म्हणजे ज्या विचाराने मोसम आखला, तो विचारच या संचातून गळून पडतो. ज्यांना सहाही मैफलींना जाणे जमणार नाही त्यांनी हा संच न घेता पहिल्या, तिसऱ्या आणि चौथ्या मैफलीची सुटी तिकिटे घ्यावीत. जागा निवडताना पहिल्या काही रांगा टाळाव्यात. तेथे तंतुवाद्यांच्या आवाजाखाली ओबो, क्लॅरिनेट आणि बॅसून ही फुंकवाद्ये दबून जातात. वरच्या सज्जात वाद्यांचा मेळ अधिक चांगला ऐकू येतो. अपवाद तिसऱ्या मैफलीचा : क्लाराच्या कॉन्चेर्टोसाठी रंगमंचाकडे तोंड करून डाव्या बाजूला, मधल्या रांगांत बसावे, म्हणजे पियानोवादकाचे हातही दिसतील.