अडीच सुतांचा प्रश्न : मधपेटीच्या नवशिक्या संचाचे वर्षभरानंतरचे परीक्षण

गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरात एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मी 10 चौकटींच्या मधपेटीचा 'नवशिक्यांसाठी संपूर्ण संच' 6,400 रुपयांना मागवला. शिशुकक्ष (राणी अंडी घालते तो खालचा कक्ष), मधकक्ष, तळपाट, राणीरोधक जाळी, दोन झाकणे, लोखंडी स्टँड, धुराडे (माश्यांना शांत करणारा धूर सोडण्याचे साधन), पटाशी, बुरखा, हातमोजे, मेणपत्रे (ज्यांवर माश्या पोळे बांधतात ते मेणाचे पातळ पत्रे) आणि एक माहितीपुस्तिका असा सगळा ऐवज एका खोक्यात आला. ग्वाल्हेरात मुरारच्या पलीकडे, वस्ती संपून शेते सुरू होतात तिथे आमचे घर आहे. अंगणातल्या कडुनिंबाखाली पेटी मांडली आणि नोव्हेंबरात, मोहरीच्या हंगामासाठी मुरैनाकडे पेट्या लावणाऱ्या एका मधपाळाकडून मेलिफेरा, म्हणजे युरोपीय मधमाश्यांची 5 चौकटींची वसाहत आणून तिच्यात सोडली. त्यानंतर मोहरी, उन्हाळा, पावसाळा आणि पुन्हा थंडी असे पूर्ण चक्र या पेटीने पाहिले, तेव्हा आता तिच्याविषयी लिहिण्यास हरकत नाही.

प्रथम मापांविषयी, कारण मधपेटी ही मुळात लाकडाची नव्हे तर मोकळ्या जागेची वस्तू आहे. पेटीत दोन भागांमध्ये साधारण 6 ते 9 मिलिमीटर अंतर असेल तर माश्या ते येण्याजाण्यासाठी मोकळे ठेवतात. त्याहून कमी असेल तर राळेने बुजवतात आणि जास्त असेल तर तिथे पोळे बांधतात. अमेरिकेतील पाद्री लँगस्ट्रॉथ यांनी 1851 मध्ये हे अंतर ओळखून पेटीत वापरले, आणि पोळे न तोडता चौकट बाहेर काढता येऊ लागली ती तेव्हापासून. माझ्या पेटीत शिशुकक्षाच्या चौकटींची वरची पट्टी आणि कक्षाची कड यांमध्ये 15 मिलिमीटर अंतर होते. ज्या खाचेत चौकटीचे कान टेकतात ती खाच सुताराने गरजेपेक्षा खोल घेतली होती, आणि नवखेपणामुळे मी ते मोजून पाहिले नव्हते.

त्याचा परिणाम जानेवारीच्या अखेरीस, मोहरी ऐन फुलावर असताना दिसला. राणीरोधक जाळीसकट मधकक्ष उचलू लागताच खालून सुकी काटकी मोडावी तसा कडकड आवाज झाला आणि कक्ष वर आला तो तुटलेल्या पोळ्याचे लोंबते तुकडे घेऊनच. त्या वाढीव जागेत माश्यांनी नरांची मोठी घरे बांधली होती. ती मधोमध फाटली आणि दुधासारख्या पांढऱ्या अळ्या चौकटींवर उघड्या पडल्या. फुटलेल्या मधाचे ओघळ, त्यात पाय अडकलेल्या माश्या आणि क्षणभरात चढलेला तो गुणगुणाट यांमुळे धुराडे शेजारी असूनही मला झाकण घालून मागे सरावे लागले. राणी चिरडली की काय ही धास्ती पुढचे चार दिवस होती. अंडे तीन दिवसांत फुटते, त्यामुळे पाचव्या दिवशी घरांच्या तळाशी ताजी अंडी दिसली तेव्हाच ती जिवंत असल्याची खात्री पटली. राणी दिसलीच पाहिजे असे नसते, अंडी दिसली की पुरे, हा धडा मात्र त्यात फुकट मिळाला.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील ज्या मिस्त्रीकडे आमच्या घराचे सुतारकाम पिढ्यान्‌पिढ्या जाते त्यांना पेटी दाखवली. त्यांनी पट्टी लावली आणि मिलिमीटरच्या भानगडीत न पडता अंतर 'पावणेपाच सूत' असल्याचे सांगितले (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). हवे होते अडीच सूत. सव्वादोन सूत जाडीच्या सागवानी पट्ट्या दोन्ही खाचांत ठोकून त्यांनी चौकटी वर घेतल्या, त्याचे 150 रुपये झाले, आणि त्यानंतर आजतागायत त्या जागी एकही वेडेवाकडे पोळे नाही. विक्रेत्याने मोजमापात केलेली चूक एवढी स्वस्तात सुधारता येत असेल तर ती मुळात होऊ देण्याचे कारण काय, हे मला कळलेले नाही.

जाहिरातीत ही पेटी 'सर्व प्रकारच्या मधमाश्यांसाठी' असल्याचे म्हटले होते, तेही चुकीचे आहे. मेलिफेराच्या दोन पोळ्यांच्या मध्यांमधील अंतर सुमारे 35 मिलिमीटर असते, तर आपल्या देशी सातेरी माशीचे त्याहून तीन-चार मिलिमीटर कमी. शिवाय सातेरीची वसाहत लहान असल्याने एवढ्या मोठ्या पेटीतली ऊब तिला राखता येत नाही आणि ती घर सोडून जाते. सातेरी पाळायची असेल त्याने लहान मापाची वेगळी पेटी घ्यावी. आग्या किंवा फुलोरी माश्या तर उघड्यावर एकच पोळे बांधणाऱ्या, त्या कोणत्याच पेटीत नांदत नाहीत.

लाकडाबद्दल तक्रार नाही. कैलाच्या (हिमालयातील एक प्रकारच्या पाइनच्या) फळ्या जाड आहेत, वाळलेल्या आहेत आणि रंग दोन पावसाळ्यांना टिकेल असा दिसतो. कोपरे मात्र एकमेकांत गुंतवलेले नसून नुसते खिळ्यांनी जोडलेले आहेत, आणि पारा 45 अंशांवर जाणाऱ्या आमच्या मे महिन्यात दोन कोपऱ्यांनी तोंड वासले. माश्यांनी फटी राळेने भरल्या, तरी फुलांच्या टंचाईच्या दिवसांत दुसऱ्या वसाहतीच्या माश्यांना लुटीसाठी तेवढीही वाट पुरते, म्हणून मी बाहेरून लोखंडी पट्ट्या मारल्या. वरच्या झाकणावरील पत्रा पावसाला उत्तम आहे आणि उन्हाला वाईट. मे-जूनमध्ये त्यावर ओले गोणपाट ठेवल्याशिवाय गत्यंतर नव्हते.

प्लॅस्टिकची राणीरोधक जाळी एप्रिलमध्येच मधोमध झोळीसारखी झुकली. जिच्यातून कामकरी माशी जाते पण राणी अडते अशा जाळीची फट जेमतेम सव्वाचार मिलिमीटर असते, तेव्हा वाकलेल्या जाळीवर भरवसा ठेवण्यात अर्थ नसतो. ती काढून तारेची घेतली. मेणपत्र्यांचेही तसेच झाले. शुद्ध मेण 62 अंशांच्या पुढे वितळते आणि पेटीतील तापमान माश्या 35 अंशांच्या आसपास राखतात, म्हणून चांगला मेणपत्रा आत ओघळू नये. माझे दोन ओघळले. त्यात मेणबत्तीचे मेण मिसळले असावे असा माझा तर्क आहे, कारण चुरगळल्यावर त्यांना मधाचा वास येत नव्हता. तळपाट शिशुकक्षाला खिळ्यांनी कायमचा ठोकून दिला आहे, त्यामुळे खाली पडलेला कचरा आणि त्यात वाढणारा मेणकिडा साफ करणे म्हणजे दर वेळी सगळी पेटी रिकामी करणे होऊन बसते. दार अरुंद करण्याची पट्टी तर संचात नव्हतीच, आणि पावसाळ्यानंतर गांधीलमाश्यांनी फेऱ्या सुरू केल्या तेव्हा मला ती आगपेट्यांच्या लाकडी खोक्यातून कापून करावी लागली.

याउलट धुराडे इतके चांगले आहे की संचाच्या बाकीच्या भागाशी त्याचे काही नाते असावे असे वाटत नाही. भाता मऊ आहे, जाळी धग बाहेर येऊ देत नाही, आणि गोवरीचा तुकडा, गोणपाट व थोडा सुका कडुनिंबाचा पाला घातला की पाऊण तास थंड, पांढरा धूर निघत राहतो. बुरख्याची जाळी काळी आहे, आणि काळ्या जाळीतून पलीकडचे स्पष्ट दिसते, म्हणजे ती ज्याने निवडली त्याने कधीतरी स्वतः अंडी शोधली असणार. स्टँडच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या बसतात, त्यामुळे मुंग्यांचा त्रास एकदाही झाला नाही. हातमोजे जाड आहेत. मी ते दोनदा वापरून आईला गुलाबांच्या छाटणीसाठी दिले.

माहितीपुस्तिका हा या संचातील सर्वांत घातक भाग आहे, कारण तिचे वेळापत्रक बर्फ पडणाऱ्या देशाचे आहे. हिवाळ्यात पेटी गुंडाळून ठेवा, एप्रिलमध्ये पहिली तपासणी करा, असे ती सांगते. आणि ग्वाल्हेर-चंबळ भागात मधाचा मुख्य हंगामच डिसेंबर-जानेवारीचा, मोहरीचा. मी तिचे ऐकले असते तर एक थेंब मध मिळाला नसता. इथे नोव्हेंबरात साखर व पाणी समभाग घेऊन पाक द्यावा आणि वसाहत वाढवावी. जानेवारीत पोळ्याचा तीन-चतुर्थांश भाग मेणाने बंद झाला की लगेच मध काढावा, कारण मोहरीचा मध घरांतच साखरेसारखा गोठतो आणि मग मधयंत्रातूनही निघत नाही. फेब्रुवारीत दर आठ-नऊ दिवसांनी राणीघरे शोधावीत, कारण राणी अंड्यापासून सोळाव्या दिवशी बाहेर येते आणि तिचे घर बंद होताच, म्हणजे नवव्या दिवसाच्या सुमारास, जुनी राणी अर्ध्या माश्या घेऊन निघून जाऊ शकते. जुलै-ऑगस्ट हाच आमचा खरा 'हिवाळा'. त्या दिवसांत पाक देणे आणि रिकाम्या चौकटी काढून जागा आकसून घेणे, यावर वसाहत तगते. पुढे बाजरीचा पराग, तीळ आणि बोरीचा मोहोर यांवर ती पुन्हा उभी राहते.

या सगळ्या त्रुटी असूनही पहिल्या मोसमात 11 किलो मध निघाला, हेही सांगायला हवे. पण त्याचे श्रेय मी पेटीपेक्षा मोहरीला आणि मिस्त्रींना देईन. विक्रेत्याला खाचेच्या मापाची छायाचित्रे पाठवली तेव्हा त्यांनी दिलगिरी व्यक्त केली आणि पुढच्या खरेदीवर 10 टक्के सवलत दिली. त्या सवलतीत मी आणखी एक धुराडे मागवले. दुसरी पेटी मिस्त्रींनी केली आहे. अडीच सूत जाडीची एक लाकडी चिप त्यांनी मापासाठी कापून घेतली होती आणि ती अजून त्यांच्या हत्यारांच्या पिशवीत आहे.