शिकागो ते सिअ‍ॅटल, मध्ये यलोस्टोन: आजी-आजोबांसाठी मोटरहोम, ट्रेलर की मोटेल?

नातीचं ग्रॅज्युएशन मे महिन्यात शिकागोजवळ, मुलाकडचं बारसं जूनअखेर सिअ‍ॅटलजवळ, आणि मधल्या वाटेवर बॅडलँड्स, माउंट रशमोर, यलोस्टोन, ग्लेशियर. अमेरिकेत स्थायिक झालेल्या किंवा सहा महिन्यांसाठी आलेल्या मराठी आई-बाबांपुढे असा बेत आला की कुणीतरी 'आरव्ही (राहता येईल अशी गाडी) घ्या' म्हणतंच. चर्चा मग यलोस्टोनचीच होते. खरा निर्णय मात्र दोन गोष्टींवर ठरतो: कार्यक्रमाच्या तारखा आणि मुलांच्या घरासमोरची जागा.

आय-९० ने शिकागो ते सिअ‍ॅटल साधारण २,०५० मैल. वाटेतली ठिकाणं धरली तर २,५०० धरा. पर्याय तीन: भाड्याचं क्लास सी मोटरहोम (ट्रकसारखं नाक आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर बिछाना), स्वतःच्या एसयूव्हीमागे ओढायचा ट्रेलर, किंवा मिनीव्हॅन आणि मोटेल.

आधी तारखा

मोटरहोमवाल्यांमध्ये एक जुना नियम आहे: दिवसाला ३०० मैल, दुपारी ३ च्या आत मुक्कामी, एका जागी ३ रात्री. सत्तरीच्या जोडप्याने तो पाळावाच. ६० मैलांच्या वेगाने, पेट्रोल आणि पाय मोकळे करणं धरून ३०० मैलांना सात तास जातात. अंधारात अनोळखी कँपग्राउंडवर पाण्याचा नळ शोधत फिरणं कुणालाच नको. तिसरी अट शब्दशः पाळली तर हा प्रवास २० रात्रींच्या वर जातो. १६ रात्रींत बसवायचा असेल तर यलोस्टोनला तीन, रॅपिड सिटीजवळ (बॅडलँड्स आणि माउंट रशमोरसाठी) तीन आणि बाकी ठिकाणी एकेक रात्र, अशी तडजोड करावी लागते.

ग्रॅज्युएशन मेच्या मध्यावर झालं म्हणून लगेच निघू नका. यलोस्टोनचे रस्ते एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून टप्प्याटप्प्याने उघडतात आणि ईशान्येकडून तिथे नेणारा बेअरटूथ हायवे मेमोरियल डेच्या (मेचा शेवटचा सोमवार) सुमारास. ग्लेशियरमधला गोइंग-टू-द-सन रोड पूर्ण उघडायला जूनअखेर किंवा जुलै उजाडतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात निघून २२ जूनच्या आसपास सिअ‍ॅटल गाठणं बरं. बारशाच्या आधी निदान तीन दिवस मोकळे ठेवा. साउथ डकोटात आणि मोंटानातल्या लिव्हिंगस्टनजवळ वारा असा सुटतो की उंच गाड्यांसाठी इशारे लागतात. मिनीव्हॅन अशा दिवशी पुढे जाते, मोटरहोम आणि ट्रेलर थांबतात. वारा सतत ३५ मैलांच्या वर असेल तर मुक्काम वाढवायचा, त्यावर वाद घालायचा नाही.

पैसे: मोटरहोम स्वस्त पडत नाही

दोघांसाठी १६ रात्रींचा ढोबळ हिशोब मांडू. मोटरहोमचं भाडं दिवसाला २०० डॉलर धरलं तर ३,२००. मैलामागे ४० सेंट म्हणजे १,०००. गॅलनला ९ मैल धरून २७८ गॅलन पेट्रोल, साडेतीन डॉलरने ९७० च्या आसपास. पाणी, वीज, सांडपाणी असलेली जागा रात्रीला ६५ धरून १,०४०. विमा, भांडी-बिछान्याचा संच आणि दुसऱ्या गावी गाडी सोडण्याचा आकार मिळून ९०० तरी. एकूण ७,१०० डॉलर.

मिनीव्हॅन: भाडं १,४४०, एका बाजूने सोडण्याचे ४००, पेट्रोल ३५०, मोटेल रात्रीला १५० धरून २,४००, बाहेर खाण्याचा जादा खर्च ८००. एकूण ५,४०० च्या आत. दर हंगामाप्रमाणे खालीवर होतील, फरकाची दिशा बदलणार नाही. सोबत मुलगा, सून आणि दोन नातवंडं असतील तर मोटेलच्या खोल्या दोन होतात, जेवणाचं बिल तिप्पट होतं आणि मोटरहोम बरोबरीला येतं.

ट्रेलर या हिशोबात नीट बसत नाही. भाड्याच्या गाडीने ट्रेलर ओढायला कंपन्या सहसा परवानगी देत नाहीत, आणि भाड्याचा ट्रेलर जिथून घेतला तिथेच परत न्यावा लागतो. त्यामुळे ट्रेलर हा स्वतःची एसयूव्ही असलेल्यांचा, वर्षातून दोन-तीन महिने फिरणाऱ्यांचा पर्याय. तो घेताना गाडीची 'ओढण्याची क्षमता' एवढाच आकडा पाहणं ही नेहमीची चूक. होंडा ओडिसी ३,५०० पाउंड ओढते, पेट्रोलवरची टोयोटा हायलँडर ५,०००. पण ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हुकवर, म्हणजे गाडीवरच येतो. त्यात दोन माणसं आणि डिकीतलं सामान मिळवा, आणि ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या पिवळ्या स्टिकरवरचा एकूण भाराचा आकडा ओलांडतोय का ते बघा. बहुतेक गाड्या तिथेच नापास होतात. हुकवर भार १० टक्क्यांपेक्षा कमी ठेवला तर ट्रेलर मागे शेपटासारखा डोलायला लागतो आणि उतारावर तो आवरत नाही.

गुडघे, बिछाना आणि रात्रीचं उठणं

ड्रायव्हरच्या डोक्यावरचा बिछाना विसरा, तिथे शिडीने चढावं लागतं. नातवंडांना तो आवडतो. २२ ते २५ फुटी क्लास सीमध्ये मागचा बिछाना बरेचदा कोपऱ्यात असतो, तीन बाजूंनी भिंत. आतल्या बाजूला झोपलेल्याला रात्री दोनदा उठायचं तर दुसऱ्याला ओलांडून जावं लागतं. दोन्ही बाजूंनी उतरता येणारा बिछाना असलेलं मॉडेल मागा. ते साधारण २८ फुटांच्या पुढे मिळतं, आणि लांबी वाढली की चालवणं अवघड होतं. व्हॅनसारखं क्लास बी चालवायला सोपं आणि गॅलनला १५-१६ मैल देणारं, पण न्हाणीघर म्हणजे संडासावरच अंघोळ. महिनाभर दोघांनी ते सोसणं कठीण.

मोटरहोमचा एक फायदा मात्र बाकी कशातच नाही: चालत्या प्रवासात संडास पाच पावलांवर. प्रोस्टेटचा किंवा मधुमेहाचा त्रास असलेल्यांसाठी हे एकच कारण पुरेसं ठरू शकतं. ट्रेलरमध्ये बहुतेक राज्यांत प्रवासी बसू शकत नाहीत, त्यामुळे गाडी थांबवावी लागतेच. मोटेलचा पर्याय घेतलात तर तळमजल्याची, फ्रिज असलेली खोली आरक्षणातच मागून घ्या. केओए या खासगी कँपग्राउंड-साखळीच्या साध्या केबिन स्वस्त आणि छान असतात, पण त्यांना संडास नसतो आणि बिछाना आपला न्यायचा. संडास हवा तर 'डिलक्स' घ्यायची.

सीपॅप (झोपेत श्वास अडू नये म्हणून लावायचं) यंत्र वापरणाऱ्यांनी एवढं बघावं: यलोस्टोनमध्ये पाणी, वीज, सांडपाणी या तिन्ही जोडण्या असलेलं कँपग्राउंड एकच, फिशिंग ब्रिज. अस्वलांमुळे तिथे कापडी भिंतींच्या गाड्या चालत नाहीत. पार्कातल्या बाकीच्या कँपग्राउंडमध्ये वीज नाही आणि जनरेटर रात्री चालवता येत नाही. ७,७०० फुटांवर जूनमध्येही रात्री पारा शून्याखाली जातो. हीटर गॅसवर असला तरी त्याचा पंखा बॅटरीवर चालतो, ७-८ अँपिअर खातो. त्यात सीपॅपचा ह्युमिडिफायर (हवा दमट करणारा भाग) जोडला की पहाटेपर्यंत बॅटरी बसते. १२ व्होल्टची पिन आणि ह्युमिडिफायर बंद, असं केलं तर रात्र निघते. जोडण्या असलेल्या जागीही थंड रात्री बाहेरची पाण्याची नळी काढून आत ठेवा आणि टाकीतलं पाणी वापरा, नाहीतर सकाळी नळीत बर्फ.

स्वयंपाक आणि सांडपाणी

मोटरहोम घेण्याचं आपल्याकडचं खरं कारण स्वयंपाकघर. वरणभात, भाजी, दुपारचा चहा, सगळं जमतं. फक्त छपराचा पंखा हवा बाहेर टाकेल असा लावून खिडकी किलकिली केल्याशिवाय फोडणी टाकू नका, धुराचा अलार्म सुटतो. भारतातून आणलेला मिक्सर इथल्या १२० व्होल्टवर चालणार नाही.

३० अँपिअरची जोडणी म्हणजे ३,६०० वॉट. एसी १,५०० च्या वर, इंडक्शन १,८००, पाणी तापवायचा हीटर १,४००. एसी आणि इंडक्शन कसेबसे एकत्र चालतात, तिसरं काही लावलं की ब्रेकर पडतो. बंद केल्याशिवाय लावायचं नाही, ही सवय दोन दिवसांत लागते.

सांडपाण्याची किळस वाटते म्हणून पुष्कळ जण मागे हटतात. काम दहा मिनिटांचं आहे. हातमोजे घाला, तीन इंची नळी आधी गाडीला, मग जमिनीतल्या भोकात घट्ट बसवा. आधी संडासाची टाकी उघडा, आवाज थांबेपर्यंत वाट बघा, झडप बंद करा. मग बेसिन-अंघोळीची टाकी सोडा, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुतली जाते. क्रम उलटा झाला तर घाण नळीतच राहते. जोडणी असली तरी संडासाची झडप मुक्कामभर बंदच ठेवायची. उघडी ठेवली तर पाणी वाहून जातं आणि मागे कागद-मैल्याचा घट्ट डोंगर उरतो. पाण्याने धुणाऱ्या आपल्या लोकांना डोंगराचा त्रास कमी, पण ३० गॅलनची टाकी इंग्रजी पद्धतीपेक्षा लवकर भरते. दोघांनी तीन दिवस धरावेत आणि टाकीच्या दिव्यावर विश्वास ठेवू नये. तो कागद चिकटला की कायम 'भरली' दाखवतो.

मुलांच्या दारात

इथे मोटरहोम सगळ्यात मागे पडतं. ग्रॅज्युएशनच्या पार्किंग इमारतीत ११-१२ फूट उंच गाडी शिरत नाही, साडी नेसून देवळात किंवा हॉलवर जायलाही दुसरी गाडी लागते. मोठ्या मोटरहोमवाले मागे छोटी कार ओढत आणतात, पण भाड्याच्या गाडीला सहसा ती सोय नसते. ट्रेलर कँपग्राउंडवर सोडून एसयूव्हीने कार्यक्रमाला जाता येतं. तीन पर्यायांत मुक्काम आणि समारंभ दोन्ही साधणारा तोच.

ड्राइव्हवेत उभी करायची तर आधी सोसायटीचे, म्हणजे एचओएचे नियम मुलाला वाचायला सांगा. कित्येक ठिकाणी आरव्ही रात्रभर ठेवता येत नाही. चढाचा ड्राइव्हवे असेल तर लांब मागचा भाग जमिनीला घासतो. घराच्या साध्या १५ अँपिअरच्या प्लगवर फ्रिज, दिवे, चार्जर चालतात, एसी नाही. गॅरेजमधली पातळ एक्स्टेन्शन वायर लावून एसी चालवला तर व्होल्टेज पडतं आणि कॉम्प्रेसर जळतो. वायर जाड, १२ गेजची आणि शक्य तितकी आखूड हवी.

जिथे गाडी नेता येत नाही

गोइंग-टू-द-सन रोडच्या मधल्या भागात २१ फुटांपेक्षा लांब किंवा ८ फुटांपेक्षा रुंद वाहनांना बंदी आहे. क्लास सी तिथे बसतच नाही. माउंट रशमोरजवळच्या नीडल्स हायवेवरचा एक बोगदा जेमतेम ८ फूट रुंद, मोटरहोम साडेआठ. ट्रेलरवाल्यांनी ट्रेलर सोडून जावं, मोटरहोमवाल्यांनी दिवसभराची टूर घ्यावी.  

भारतातून आलेल्यांसाठी

२०२६ पासून अमेरिकेत न राहणाऱ्यांना यलोस्टोन आणि ग्लेशियरसह ११ पार्कांत नेहमीच्या प्रवेशशुल्कावर माणशी १०० डॉलर जादा पडतात. दोघं, दोन पार्क म्हणजे ४००. त्यांच्यासाठीचा वार्षिक पास २५० चा, तो घ्या. नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक आणि ६२ वर्षांवरचे असाल तर ८० डॉलरचा आजीवन सीनिअर पास घ्या, कित्येक सरकारी कँपग्राउंडवर त्यात अर्धा दरही मिळतो. भारतातून आलेल्या आई-बाबांनी मोटरहोम स्वतः चालवू नये असं आमचं स्पष्ट मत. उजवीकडून चालणारा रस्ता, २८ फूट लांबी आणि वळताना विरुद्ध बाजूला फेकला जाणारा मागचा भाग, हे तिन्ही एकदम शिकण्याचं ते वय नव्हे. मुलगा रजा काढून चालवणार असेल तरच विचार करावा. ग्रीन कार्डवाल्यांत मेडिकेअर अ‍ॅडव्हांटेजची एचएमओ योजना (ठरलेल्या भागातल्या ठरलेल्या डॉक्टरांपुरता ज्येष्ठांचा आरोग्यविमा) असलेल्यांनी हे लक्षात ठेवावं की राज्याबाहेर तातडीचे उपचार मिळतात, नेहमीची तपासणी सहसा नाही. औषधं आणि तपासण्या निघण्याआधीच उरका.

तर दोघंच, तारखा पक्क्या आणि एकदाच जायचं असेल तर मिनीव्हॅन घ्या आणि यलोस्टोनपुरती दोन रात्री डिलक्स केबिन. सहा जणांचं कुटुंब बरोबर असेल किंवा प्रवासात संडास जवळ हवाच असेल तर क्लास सी, सिअ‍ॅटलला पोचल्यावर लगेच परत करून. निवृत्तीनंतर दर उन्हाळ्यात मुलांकडे फेऱ्या मारणार असाल तर २०-२२ फुटी ट्रेलर, आणि पहिल्या वर्षी फक्त पुढून शिरून पुढूनच निघता येणाऱ्या जागा आरक्षित करा. मागे घेताना स्टीअरिंगला खालच्या बाजूने धरा. ट्रेलर ज्या दिशेला जायला हवा, हात त्याच दिशेला सरकवा.

आरक्षणाचा क्रम: बारशाची तारीख, मग फिशिंग ब्रिज किंवा यलोस्टोनची केबिन, मग गाडी. गाडी ताब्यात घेताना टायरवरच्या 'DOT' ने सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. सहा वर्षांपेक्षा जुना टायर दिसला तर दुसरी गाडी मागा. जनरेटर, पंप, हीटर आणि फ्रिज तिथेच सुरू करून बघा. पेट्रोलची टाकी पाव भागाच्या खाली गेली की जनरेटर बंद पडतो, तो बिघाड नव्हे.