चिटोसान पावडर, १०० ग्रॅम: माल चांगला, पण दुसऱ्या पाकिटाने घात केला

एमएससी मायक्रोबायोलॉजीच्या प्रोजेक्टसाठी ही पावडर ऑनलाइन मागवली होती, फळांना गुंडाळायची फिल्म बनवायची होती, मातीत कुजून जाणारी आणि वर जंतूंना रोखणारी. कोळंबीच्या टरफलांपासून बनवतात ही. मी रत्नागिरीची, मिरकरवाडा बंदरावर टरफलांचे ढीग लहानपणापासून बघत आलेय, त्यातून असं काही निघतं हे कळल्यावर खरंच भारी वाटलं होतं.

पहिलं पाकीट एकदम मस्त. साध्या पाण्यात ती विरघळतच नाही, आम्ल लागतंच, म्हणून १ टक्का अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडमध्ये २ टक्के पावडर टाकून रात्रभर स्टररवर ठेवली, सकाळी मलमलच्या कापडातून गाळली, पावडरच्या पाव वजनाइतकं ग्लिसरॉल घातलं (हे विसरू नका, नाहीतर फिल्म पापडासारखी तडकते) आणि प्लेटमध्ये ओतून ४० डिग्रीला वाळवली. हलकी पिवळसर, पारदर्शक फिल्म अलगद सुटून आली.

मग ई. कोलाय या जंतूच्या प्लेटवर (अगर नावाच्या जेलीवर जंतू वाढवलेली बशी) फिल्मच्या चकत्या ठेवल्या तर बाजूला झोनच नाही, म्हणजे जंतू न वाढलेली स्वच्छ कडाच नाही! रडकुंडीला आले होते मी. मॅडम म्हणाल्या चकती उचलून खाली बघ, तर खाली एकदम स्वच्छ. चिटोसान अगरमध्ये फारसं पसरत नाही, आम्लात त्याच्या अमिनो गटांवर पॉझिटिव्ह चार्ज येतो आणि तो जंतूच्या निगेटिव्ह पृष्ठभागाला धरतो, म्हणजे जिथे फिल्म टेकली तिथेच काम. पुढच्या वेळी ट्वीन ८० (तेल पाण्यात मिसळायला मदत करणारं रसायन) घालून लवंगेचं तेल मिसळलं तेव्हा बाजूलाही झोन आला, कारण त्यातलं जंतू मारणारं युजेनॉल अगरमध्ये पसरतं. त्यामुळे कोणाला झोन दिसला नाही तर लगेच पावडरला दोष देऊ नका.

आता तक्रार. दुसरं पाकीट त्याच विक्रेत्याकडून, लेबलवर तेच ८५ टक्के डीअ‍ॅसिटायलेशन (टरफलातल्या कायटिनचं किती प्रमाणात चिटोसान झालंय ते यावरून कळतं), पण द्रावण पाण्यासारखं पातळ झालं आणि फिल्म सोडवतानाच फाटली, एक नाही, सगळ्या प्लेट्स. पॉलिमरची साखळी आखूड असली की असं होतं, आणि नेमकं मॉलिक्युलर वेट (साखळी किती लांब ते) किंवा व्हिस्कॉसिटी (द्रावणाचा दाटपणा) लेबलवर छापलेलीच नाही. मेल केला, उत्तर नाही. सबमिशन तोंडावर असताना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली, फार वाईट वाटलं. कोळंबी-खेकड्याची अ‍ॅलर्जी असलेल्यांसाठी सूचना पण नाही पाकिटावर, खाण्याच्या वस्तूला लावायची फिल्म यातून करतात लोक, ती तरी हवीच ना.

आणि पावसाळ्यात फिल्म उघडी ठेवू नका, कोकणातली हवा दोन दिवसात तिला लिबलिबीत करते, मी डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) ठेवते.

घेणार असाल तर आधी व्हिस्कॉसिटी विचारून घ्या, आणि पूर्ण प्रोजेक्टला लागेल तेवढी एकाच बॅचची एकदम मागवा.