बिडी सोडवण्याच्या बक्षीस योजनेसाठी सीओ मीटर: घ्यावा का?

बिडी-सिगारेट सोडणाऱ्याला बक्षीस द्यायचं, तर त्यानं खरंच ओढली नाही याची खात्री हवी. तेवढ्यासाठी श्वासातला कार्बन मोनॉक्साइड (सीओ), म्हणजे बिडीच्या धुरातला वायू, मोजणारा आणि हातात मावणारा हा मीटर चांगलाच आहे. १५ सेकंद श्वास रोखायचा, मग नळीत छाती रिकामी होईपर्यंत सावकाश फुंकायचं. आकडा ६ पीपीएम (दहा लाख भागांत ६ भाग) पर्यंत आला तर पास, १० च्या वर गेला तर बहुधा ओढलेली. श्वास पुरता रोखला नाही, की आकडा खोटाच कमी येतो.

चूक होते ती तपासणीच्या वेळेत. शरीरातला कार्बन मोनॉक्साइड ४-५ तासांत निम्मा होतो. आठवड्यातून एकदाच तपासलं, तर आदल्या दुपारी बिडी ओढलेलाही सकाळी पास होतो आणि बक्षीस फुकट जातं. दिवसातून दोनदा तरी फुंकायला लावा.

बक्षीसही सरसकट नको. १९९६ च्या एका अमेरिकन प्रयोगात एका गटाला चढतं बक्षीस होतं, दुसऱ्याला दर वेळी तेवढंच; दोन्ही गटांना मिळू शकणारी रक्कम जवळपास सारखीच होती; पण ज्यांचं बक्षीस दर तपासणीला चढत गेलं आणि एका झुरक्यानं पुन्हा तळाला आलं, त्यांच्यात सोडून परत पेटवणारे कमी निघाले. आपल्याकडे असं बसवता येईल: पहिल्या तपासणीला १० रुपये, पुढे दर वेळी २ वाढवा, दर सलग तिसऱ्या पासला वर २५. नापास झाला की शून्य, आणि पुढचा पास पुन्हा १० पासून. मात्र सलग तीन पास झाले की जुन्या पायरीवर परत घ्या, नाहीतर घसरलेला माणूस येणंच सोडतो. पंधरा तपासण्यांना माणशी जास्तीत जास्त ४८५ रुपये लागतात. पैसे त्याच क्षणी हातावर ठेवा. महिनाअखेरीला पगारात मिळवले तर जोर राहत नाही.

मराठवाड्यात दोन अडचणी येतातच. जालन्याच्या रोलिंग मिलमधला भट्टीवरचा कामगार, गुऱ्हाळावरचा गडी, चुलीपुढची बाई यांचा आकडा बिडीविना चढू शकतो. त्यांना कामाआधी तपासा. दुसरी अडचण मोठी: बिडी सोडून तंबाखू-चुना मळू लागलेला माणूस या मीटरला दिसतच नाही. त्यासाठी लघवीची कोटिनीन पट्टी (निकोटिनचा शरीरात उरलेला अंश दाखवणारी) लागते, आणि निकोटिनचं च्युइंगम चालू असेल तर तीही निरुपयोगी.

माउथपीस प्रत्येकाला नवा लागतो, तो खर्च धरा. स्पिरिटनं मीटर पुसू नका, सेन्सर बिघडतो. कॅलिब्रेशन (मीटरचा आकडा बरोबर येतो ना, ते तपासून जुळवणं) संभाजीनगरला होतं की मीटर पुण्या-मुंबईला पाठवावा लागतो, हे पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून लिहून घ्या.