चिपटंचाईत रास्पबेरी पाय ४ की पिको?

जगभर चिपांचा तुटवडा होता. ऑक्टोबर २०२१मध्ये पाय ४ या एकाच बोर्डावरच्या छोट्या संगणकाच्या २ जीबी मॉडेलची अधिकृत किंमत ३५ डॉलरवरून ४५वर गेली. पायच्या इतिहासातली ही पहिलीच दरवाढ. तरी खरा त्रास किमतीचा नव्हताच, बोर्डच मिळत नव्हता. उपलब्ध चिप आधी उद्योगांकडे जात. हौशी माणसापुढे दोनच वाटा: दलालाला चढा दर मोजा नाहीतर थांबा.

त्याच कंपनीची पिको, म्हणजे एखादं ठरलेलं काम करणारा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड, मात्र जानेवारी २०२१मध्ये ४ डॉलरला आली आणि सहसा मिळत राहिली. तिची आरपी २०४० चिप इवलीशी. चिप जिच्यावर घडवतात त्या सिलिकॉनच्या एका चकतीतून (वेफर) हजारोंनी निघते.

पण पिको म्हणजे स्वस्तातला पाय नव्हे. २६४ केबी रॅम, लिनक्ससारखी ऑपरेटिंग सिस्टीम नाही, मूळ मॉडेलला वायफायही नाही. झाडांना पाणी, तापमानाची नोंद, दिव्यांच्या माळा एवढ्यासाठी ती पाय ४पेक्षा सरस: वीज लावताक्षणी सुरू, मेमरी कार्ड खराब होण्याची भानगडच नाही. यासाठी आपण इतकी वर्षं पाय का जुंपत होतो, कोण जाणे! मीडिया सर्व्हर किंवा कॅमेरा हवा असेल, तर पिको बादच. तिथेही टंचाईच्या काळात दलालाचे खिसे भरण्यापेक्षा माळ्यावरचा जुना लॅपटॉप बरा होता. वीज थोडी जास्त खायचा, इतकंच.