दारात अडवायचं की आतच विचारायचं?

दुकानातल्या सुरक्षारक्षकाला कोणाचा संशय आला, तर दोन वाटा असतात. तो माणूस बिल न करता दाराबाहेर पडला की अडवायचं, किंवा त्याआधीच जवळ जाऊन "ताई, बास्केट देऊ का?" म्हणायचं.

अडवण्यात रुबाब आहे, पण कायद्याची साथ तोकडी. गणवेश असला तरी रक्षक सामान्य नागरिकच. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम 40 रक्षकाला चोर धरायची मुभा देतं ती गुन्हा त्याच्यासमोर घडला आणि तो दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) व अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही असा) असेल तरच (फरार घोषित आरोपीची गोष्ट वेगळी). वर सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करायचं. त्यात 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 खालची 5000 रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी अदखलपात्र झाली आहे. म्हणजे शाम्पूच्या बाटलीसाठी एखाद्याला स्टोअररूममध्ये कोंडलं, तर रक्षकच गोत्यात! जबरदस्तीने पर्स उघडायचाही त्याला अधिकार नाही.

विचारण्याची वाट दिसायला मिळमिळीत, पण मला तीच पटते. क्रीमचं खोकं फाडून रिकामं खोकं मागे सरकवणाऱ्याला कोणी पाहतंय एवढंच कळलं, तरी बहुतेकदा माल रॅकवर परत येतो. खरा गिऱ्हाईक निघाला तरी अपमान होत नाही.

महागडा मोबाइल डोळ्यांदेखत खिशात गेला असेल, तर मात्र अडवावं. हात न उगारता, मॅनेजरला बोलावून, लगेच 112 ला फोन लावून. सीसीटीव्हीचं फुटेज आधी सेव्ह करा.